सोनकीवरचा लाल धागा

धावड्याच्या गोजरबाईचा कोणावरही विश्वास नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचं कोणी मनावर घेत नाही. दूध आलं की ती आधी बोट बुडवून बघते. एसटीत तिकीट घेतलं की त्यावरचं गावाचं नाव दोघांकडून वाचून घेते. एकाकडून नाही, कारण तो कंडक्टरच्या ओळखीचा निघाला तर काय घ्या. पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या दर्शनाला गेली तरी हात देवीपुढे जोडलेले आणि मान दारातल्या चपलांकडे वळलेली. कोणी हसलं तर म्हणते, "देवी समद्यांकडं बघती. चपलीकडं कोण बघणार?"

हा खवटपणा जन्मजात नव्हे, धंद्याने अंगी लावलेला. तीस वर्षं तिने मिरचीच्या फुलांचं क्रॉसिंग केलं. जालन्याच्या बियाणं कंपन्या इकडच्या शेतकऱ्यांकडून संकरित बी तयार करून घेतात. शेडनेटमध्ये बायकांची टोळी बसते. मिरचीची कळी उमलायच्या आत चिमट्याने उघडायची, आतले पाच-सहा नर, म्हणजे पुंकेसर, उपटून काढायचे, आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग तिला लावायचा. एक नर जरी आत राहिला तरी बी भेसळीचं होतं आणि कंपनीच्या तपासणीत सगळा लॉट नापास. शेतकऱ्याचं हंगामभराचं राबणं मातीत जातं. म्हणून टोळीतल्या प्रत्येक बाईचा आपापल्या रंगाचा लोकरीचा धागा असतो. कळी झाली की देठाला धागा. मग चूक सापडली तर ती कोणाची, हे विचारत बसावं लागत नाही.

गोजरबाईचा धागा लाल. तीस वर्षांत लाल धाग्याची एक कळी चुकली नाही, आणि हे ती कोणाला विसरूही देत नाही. आता गुडघे गेले म्हणून दोन वर्षांपासून काम सुटलं, पण कमरेच्या बटव्यात तंबाखूच्या शेजारी चिमटा आणि लाल धाग्याची रीळ अजून असते.

पिवळा धागा होता बेबीनंदाचा. बारा वर्षांपूर्वी गोजरबाई टोळीची मुकादम असताना तपासणीत पिवळ्या धाग्याच्या चार कळ्या सापडल्या, चारही कळ्यांत नर तसेच. बेबीनंदा काहीतरी सांगायला उठली. गोजरबाईने तिला बोलूच दिलं नाही. "चिमटा ठेव," ती म्हणाली. "धागा बोलला. आता तुझ्या बोलण्याचं काय काम?" बेबीनंदाने चिमटा बांधावर ठेवला आणि चालू लागली. त्यानंतर तिला कोणत्याच टोळीत कोणी घेतलं नाही. तिला त्या दिवशी काय सांगायचं होतं ते आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही. दोघी एकाच गावात राहतात आणि समोरासमोर आल्या की एक जण रस्ता बदलते.

अशा या गोजरबाईचा सगळ्या जगात एकाच माणसावर भरवसा, नात आकांक्षावर. पोरीची आई गेली तेव्हा ती चार महिन्यांची होती. बाप, म्हणजे गोजरबाईचा मुलगा कल्याण, जालन्याला सळईच्या कारखान्यात लागला, तिथेच त्याने दुसरा संसार मांडला. पोर आजीकडे राहिली. गोजरबाईने तिला शेडनेटच्या कडेला झोळीत घालून वाढवलं, शिकवलं, आणि आता ती बदनापूरला कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. शनिवार-रविवार घरी येते. त्या दोन दिवसांसाठी गोजरबाई पाच दिवस काढते. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण शुक्रवारी संध्याकाळी तिचे डोळे रस्त्याला लागलेले असतात हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

यंदा भादव्यात आकांक्षा शनिवार-रविवार सोडूनही येऊ लागली. गोजरबाई खूश झाली आणि लगेच सावध झाली. कारण पोरगी आजीसाठी येत नव्हती, सोनकीसाठी येत होती.

गावाच्या वर अजिंठ्याचा डोंगर चढतो. तिथल्या जंगलात, झाडांच्या सावलीच्या उतारावर, भादव्यात सोनकी फुलते. हातभर रोप आणि वर पिवळीधमक फुलं. महालक्ष्म्यांच्या दिवसांत डोंगराकडे गेलेली बाई ओंजळभर घेऊन येते, तेवढाच तिचा मान. खाली आणून लावली तर जगत नाही. गोजरबाईने नवी नवरी असताना परसात लावून बघितली होती, चौथ्या दिवशी रोपाने मान टाकली. तेव्हापासून त्या फुलावरही तिचा थोडा रागच आहे.

आकांक्षाने आजीला सगळं नीट सांगितलं होतं. वीस रोपांवरचं एकेक फूल कळीत असतानाच मलमलच्या पिशवीत बांधायचं, माशी-किड्याला शिवू द्यायचं नाही, आणि मग बघायचं की सोनकीला आपलं आपण बी धरतं का. बी भरलं की मोजायचं आणि लिहायचं. हाच तिचा प्रकल्प. "हे चांगलं झालं ना आजी, तर परभणीला पुढं शिकायला नंबर लागतो," ती म्हणाली.

गोजरबाईने बाकी सगळं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. परभणी मात्र तिच्या मनात काट्यासारखी रुतली. बदनापूरहून पोरगी आठवड्याला येते. परभणीहून कधी येणार?

आणि पोरीबरोबर तो श्रेणिक होता. जालन्याचा, आकांक्षाच्या वर्गातला, मोटारसायकलवाला. बापाचं बी-बियाणाचं मोठं दुकान. मूळची मारवाडातली जैन मंडळी, पण चार पिढ्या जालन्यात. गोजरबाईने पहिल्याच दिवशी त्याला ओट्यावर बसवून आपला लाल धागा दाखवला होता, बेबीनंदाची गोष्टही मीठमसाला लावून सांगितली होती, का तर शहाण्याला शब्दाचा मार. पोरगा लक्ष देऊन ऐकत होता. तेवढ्याने गोजरबाईचा संशय आणखी वाढला, कारण म्हाताऱ्या माणसाचं इतकं लक्ष देऊन कोणी ऐकतं का?

मग ती त्याच्यावर नजर ठेवू लागली. त्याचं सगळंच वागणं वाकडं. चहा दिला तर फक्त पाणी मागायचा. भाकरी-भाजी पुढे केली तर हात जोडायचा, स्वतःचा डबा काढून झाडाखाली खायचा. दिवस कलला की घड्याळ बघायचा आणि उन्हं असतानाच गाडीला किक मारायचा.

"अंधाराच्या आत कुठं पळतंय गं हे?" गोजरबाईने विचारलं.

"आजी, त्यांचा चातुर्मास आहे. सूर्य मावळल्यावर ते जेवत नाहीत," आकांक्षा म्हणाली.

"असं म्हणतंय व्हय," गोजरबाई म्हणाली.

एकदा तर ती गुडघे धरत स्वतः डोंगरावर गेली आणि झाडाआडून बघत राहिली. पोरगा सोनकीच्या फुलाला पार तोंड लावून फुंकर मारत होता, मग बोटाने काहीतरी टिपून पानावर ठेवत होता, मग पिशवी बांधत होता. प्रत्येक फुलाला असंच. खाली आल्यावर तिने आकांक्षाला गाठलं.

"मुंग्या काढतो तो," आकांक्षा हसून म्हणाली. "पिशवीत कोंडून मरतील म्हणून."

"बियाणाच्या दुकानदाराचं पोर मुंग्यांसाठी जालन्याहून येतंय? पेट्रोल जाळून? याड लागलंय का तुला? बी भरलं की पाकिटात घालून इकंल बघ शहरात. आन् निस्तं बीच न्हेईल असं न्हाई. संगं तुलाबी न्हेईल."

आकांक्षाचं हसू गेलं. "त्यानेही परभणीला अर्ज केलाय, एवढंच," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

एवढंच. गोजरबाईच्या दृष्टीने यापुढे पुरावा लागत नव्हता.

पुढच्या मंगळवारी आकांक्षा बदनापूरला होती. फुलं भरात आली होती, आठवडाभरात बी धरणार होतं. गोजरबाईने शेजारणीला सांगितलं, सरपणाला जाते. दुपारच्या उन्हात थांबत-थांबत ती डोंगर चढली. मनात हिशेब सरळ होता. मिरचीचा नर काढला की मिरची आपलं आपण बी धरत नाही. सोनकीचाही काढायचा. बी नाही तर प्रकल्प नाही, प्रकल्प नाही तर परभणी नाही, आणि दुकानदाराच्या पोराला डोंगर चढायचं कारण नाही. पोरीचं नुकसान होईल हेही तिला कळत होतं. एक वर्ष जाईल, तिने स्वतःला सांगितलं, वर्षाचं काय, पोरगी तर राहील.

पहिली पिशवी सोडली, चिमटा काढला आणि ती अडकली. मिरचीच्या कळीत नर मोजून पाच-सहा. इथे पिवळ्या पाकळ्या बाजूला केल्या तर मधे बारीक-बारीक फुलंच फुलं, एकमेकांना खेटून, एका फुलाच्या पोटात आख्खं गाव नांदत असल्यासारखं. जन्म या डोंगराखाली गेला, पण सोनकीचं एक फूल म्हणजे एक फूल नसतं हे तिला आज कळलं. कोण नर, कोण मादी, काही पत्ता लागेना. शेवटी ती चिडली आणि तिने मधला सगळा भागच चिमटीत धरून खरवडून काढला. पिशवी पुन्हा होती तशी बांधली. मग दुसरं रोप. मग तिसरं. हात सरावाचे होते, भराभर चालले. अकरा झाली आणि गुडघ्यांनी साफ नकार दिला. उरलेली नऊ तशीच सोडून ती खाली आली, वाटेत दोन काटक्या उचलून, सरपण दिसावं म्हणून.

शुक्रवारी श्रेणिक जालन्याहून थेट डोंगरावर गेला. सकाळीच घरी आलेली आकांक्षा डबा करून तासाभराने मागून गेली. दिवस कलायच्या आत दोघं खाली आले ते एकमेकांशी न बोलता. आकांक्षाचे डोळे लाल होते.

"वीसमधली अकरा फुलं कोणीतरी खरवडलीत," ती म्हणाली. "पिशव्या मात्र जशाच्या तशा."

गोजरबाईच्या जिभेने सवय सोडली नाही. "पिशव्या बांधायचं कोणाला येतंय? वर कोण कोण जातं?" ती म्हणाली. "तू आन् ह्यो. आज तासभर तर ह्यो एकटाच व्हता वर. मी काय म्हणल्ते?"

आकांक्षा श्रेणिककडे वळली. "तू माझ्याआधी गेलास. मी आले तेव्हा तुझ्या हातात ब्लेड होतं," ती हळूच म्हणाली. "आणि तुझे वडील मागे म्हणालेच होते, रानफुलांच्या बियाला भाव आहे म्हणून."

"हो, म्हणाले होते," तो म्हणाला.

"मग काय करत होतास?"

त्याने एकदा गोजरबाईकडे बघितलं. "काही नाही," तो म्हणाला, गाडीला किक मारली आणि गेला.

त्या रात्री आकांक्षा आजीच्या कुशीत झोपली, लहानपणी झोपायची तशी. गोजरबाईला वाटलं, जिंकलं. पोरगी परत आपली झाली. तिने तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि हाताला तोच तो सोनकीचा हिरवट वास येतोय असा तिला भास झाला.

रविवारी शेजारच्या शेडनेटमध्ये क्रॉसिंग चाललं होतं. गोजरबाई सवयीने बांधावर जाऊन बसली, बायकांना नावं ठेवायला. समोर एक तरणी पोर कळीतला नर काढायची आणि न बघता हात बटव्याकडे न्यायची, धागा काढायची, देठाला गाठ मारायची. नर काढला, धागा बांधला. नर काढला, धागा बांधला. बघता-बघता गोजरबाईचा स्वतःचा हात कमरेकडे गेला. तिने रीळ बाहेर काढली. रीळ हलकी लागत होती.

तीस वर्षांच्या हातांनी डोक्याला न विचारता आपलं काम पुरं केलं होतं. अकराच्या अकरा फुलांना तिने लाल धागा बांधला होता. चोरी केली होती आणि प्रत्येक चोरीवर स्वतःची सही ठोकून आली होती.

ती तशीच उठली आणि डोंगराला लागली. गुडघ्यांचं काय झालं ते तिला आठवतही नाही. पिशव्या जागेवर होत्या. तिने एक सोडली, दुसरी सोडली, अकरा सोडल्या. फुलं टकली होती. धागा एकाही देठाला नव्हता. ते कोणीतरी ब्लेडने, देठाला न दुखवता, काढून नेले होते.

आकांक्षाने धागे बघितले असते तर ती बोलली असती. राहिला एकच. म्हणजे तो तासभर पोरगा हेच करत होता. गोजरबाई तिथेच खाली बसली. का काढले असतील? माणूस दुसऱ्याचं पाप उगीच झाकत नसतो. आता हुकमाचं पान त्याच्या हातात. उद्या येईल, दाखवील आणि मागेल ते द्यावं लागेल. तो काय मागेल याचा तिने सगळा रस्ताभर विचार केला आणि दर वेळी तिला एकच उत्तर मिळालं. तो आकांक्षा मागेल.

बुधवारी तो आला. आकांक्षा गावात नाही हे बघून आला असावा. गाडी लांब उभी केली, चालत ओट्यापाशी आला आणि आकांक्षाची त्याच्याकडे राहिलेली वही ठेवली. मग खिशातून काड्यापेटी काढली आणि वहीवर ठेवली.

"आजी, हे तुमचं," तो म्हणाला.

गोजरबाईने पेटी उघडली नाही. आत काय आहे ते तिला माहीत होतं. "काय पाहिजे तुला?" तिने विचारलं.

"काही नाही."

"काही न्हाई कसं? मंग काढले कशाला? तिनं तुला चोर ठरवलं तरी बोलला न्हाई. का?"

श्रेणिकने चपलेकडे बघितलं. "तुम्हीच सांगितलं होतं ना," तो म्हणाला, "धागा सापडला की पुढे कोणी काही विचारत नाही. मला वाटलं, तुम्हालाही काहीतरी सांगायचं असेल. ते आधी तुम्ही सांगावं. मी नाही सांगणार, बिलकुल नाही." त्याने उन्हाकडे बघितलं, हात जोडले आणि गेला. गोजरबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिने खूप शोधलं, पण या वेळी संशय घ्यायला तिला त्याच्यात काहीच सापडेना, आणि त्याचा तिला भयंकर त्रास झाला.

शुक्रवारी आकांक्षा आली. तिचं जेवण होईपर्यंत गोजरबाईने दम धरला. मग काड्यापेटी तिच्यापुढे जमिनीवर ठेवली, उघडली, आणि शेजारी आपला चिमटा ठेवला.

"धागा माझा हाय," ती म्हणाली. "त्या पोरानं काढून ठेवले. त्याचा काही दोष न्हाई."

आकांक्षा धाग्यांकडे बघत राहिली. लहानपणी झोळीत पडल्यापडल्या तिने जे पहिले रंग ओळखले असतील त्यातला हा एक. गोजरबाई वाट बघत होती. शिक्षा तिला पाठ होती. तिनेच घालून दिलेली. चिमटा ठेवायचा, चालू लागायचं. फक्त या घरातून चालू लागून कुठे जायचं ते तिला सुचत नव्हतं.

"का केलंस?" आकांक्षाने विचारलं.

तीस वर्षांत हा प्रश्न गोजरबाईने कोणाला विचारला नव्हता. "त्या पोराचा बाप बियाणाचा..." तिने सुरुवात केली आणि ती थांबली. ते खोटं होतं. "तू परभणीला गेली असती," ती म्हणाली. "मंग माझं कोण हाय."

आकांक्षाचे डोळे भरून आले, पण ती आजीजवळ सरकली नाही. "नऊ फुलांवर भागतं का, ते सरांना विचारीन," ती म्हणाली. "नाही भागलं तर पुढच्या भादव्यात पुन्हा बांधीन. पण मी जाणार आहे, आजी. आणि श्रेणिकला मी चोर ठरवलं, ते तुझ्यामुळं." ती फोन घेऊन बाहेर अंगणात गेली. जाताना दाराशी थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "मी निदान 'का' म्हणून विचारलं तरी."

गोजरबाईने चिमटा उचलला नाही.

सकाळी उठून ती गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. बेबीनंदा दारात ज्वारी पाखडत बसली होती. समोर गोजरबाई बघून तिचं सूप थांबलं. तिने आधी गोजरबाईच्या हातांकडे बघितलं, मग तिच्या मागे अजून कोणी आहे का ते.

"त्या दिशी तू कायतरी सांगणार व्हतीस," गोजरबाई म्हणाली. "बांधावर. काय ते?"

"आता कशाला पाहिजे तुला?" बेबीनंदाने विचारलं.

"इचारायचं राह्यलं व्हतं."

"बारा वरसं झाली. इसरले मी," बेबीनंदा म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली.

ते खोटं होतं, हे गोजरबाईला लगेच कळलं. तिने तसं म्हटलं नाही. ती हळूहळू गुडघे वाकवून उंबऱ्याच्या बाहेर बसली, जिथे कोणी तिला बसायला सांगितलं नव्हतं.

"मंग आधी माझं ऐक," ती म्हणाली. "लाल धागा नापास झाला."

बेबीनंदाने सूप खाली ठेवलं.